भाऊजींना तुटक रेघेचं वावडं

माझे धाकटे दीर वॉशिंग मशीनचं डोकं बनवतात. डोकं म्हणजे आतली ती बोटभर चिप आणि तिच्यात भरलेला प्रोग्रॅम. मशीनचं अंग दुसरे कोणी बनवतात, रंग तिसरे ठरवतात, आणि त्यात कपडे कोणी घालायचे हे कोणीच ठरवलेलं नसल्यामुळे ते बायका घालतात. भाऊजींनी वीसएक वर्षं ह्या डोक्यांवर आपलं डोकं झिजवलं, पण स्वतःच्या हाताने घरातलं मशीन कधी लावलं नव्हतं. ह्यात काही विचित्र आहे असं त्यांना वाटत नसे. आम्हालाही वाटत नसे, हे त्याहून विचित्र.

आमची दोन घरं एकाच जिन्यावर समोरासमोर. इकडे आम्ही, तिकडे भाऊजी, माझी धाकटी जाऊ, त्यांची शाळकरी मुलगी आणि सासूबाई. दारं दिवसभर उघडी असतात, त्यामुळे एका घरात कप फुटला की दुसऱ्या घरात कोणता फुटला हे कळतं.

ऑफिसात भाऊजींना चौकोन साहेब म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत आहे, आणि ते नाव त्यांना मनातून आवडतं. ते दिवसभर चौकोन काढतात. यंत्र कोणत्याही क्षणी कोणत्या ना कोणत्या अवस्थेत असतं, असं त्यांचं शास्त्र सांगतं. प्रत्येक अवस्थेचा एक चौकोन, आणि एका चौकोनातून दुसऱ्यात जाणारे बाण. ह्या नकाशाला ते स्टेटचार्ट म्हणतात. 'चालू' हा मोठा चौकोन. त्याच्या पोटात पाणी भरणं, घुसळणं, पाणी सोडणं, पिळणं असे लहान चौकोन. मोठ्या चौकोनात शिरताना काय करायचं ते एकदाच, त्याच्या उंबऱ्यावर लिहायचं. बाहेर पडताना काय करायचं तेही एकदाच. पोटातल्या सगळ्यांनी ते निमूट पाळायचं, वेगळं विचारायचं नाही.

हे एकदा त्यांनी जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलं तेव्हा सासूबाईंना तत्काळ पटलं. त्यांचं घर ह्याच पद्धतीने चालत आलं होतं.

त्याच नकाशात एक छोटा गोल असतो, त्याचं नाव इतिहास. यंत्र मध्येच थांबवलं आणि पुन्हा सुरू केलं, तर पहिल्यापासून सुरू न होता जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे चालू लागतं, ते ह्या गोलामुळे. लोक त्यासाठी पदव्या घेतात. सासूबाईंना तो जन्मजात होता. पाहुणे आले म्हणून अर्धं राहिलेलं भांडण, पाहुण्यांना जिन्यापर्यंत पोचवून आल्यावर, त्याच वाक्याच्या उरलेल्या अर्ध्यापासून सुरू होई.

भाऊजींमध्ये मात्र तो गोल नावालाही नव्हता. बुटाची नाडी बांधताना कोणी काही विचारलं तर ते नाडी सोडून उभे राहत, पूर्ण उत्तर देत, आणि खाली बसून पुन्हा पहिल्यापासून नाडी बांधायला घेत. जेवताना बोलत नसत. बोलताना चालत नसत. फोन आला की जिथे असतील तिथे पुतळ्यासारखे उभे राहत, मग ते न्हाणीघराच्या दारात का असेना, आणि आत जाणाऱ्याची कितीही घाई का असेना. एका वेळी एक, हा त्यांचा बाणा. ह्याला ते शिस्त म्हणत. ही शिस्त त्यांना परवडत होती, कारण त्यांच्या अवतीभवती बाकीचं सगळं धाकटी करत होती.

धाकटी सकाळी एका दातांच्या दवाखान्यात बसते आणि दुपारनंतर घरूनच पेशंटच्या वेळा ठरवते. तिचा फोन कान आणि खांदा ह्यांच्या मध्ये राहतो. हात भाजी चिरत असतात, डोळे मुलीच्या वहीवर, एक कान पेशंटच्या दाढेकडे आणि दुसरा, नक्की कुठे ते सांगता येणार नाही, पण कुकरची शिट्टी, नळाचं पाणी आणि सासूबाईंचा खोकला हे सगळं त्याच्याकडे असतं. भाऊजी हे बघून म्हणायचे की तुझं एकाही गोष्टीत धड लक्ष नाही. ती म्हणायची, बरोबर आहे, आणि त्यांच्या हातातला रिकामा कप उचलून न्यायची.

आता रेघेबद्दल. ह्या नकाशाच्या शास्त्रात एक सोय आहे. चौकोनाच्या मधोमध तुटक रेघ मारली की त्याचे दोन भाग पडतात, आणि ते दोन्ही एकाच वेळी जागे राहतात. इकडचं इकडे चालतं, तिकडचं तिकडे, लागलं तर एकमेकांना हाक मारतात, पण एक थांबला म्हणून दुसरा थांबत नाही. भाऊजींना ह्या रेघेचं वावडं होतं. आपल्या एकाही नकाशात तुटक रेघ नाही, हे ते लोक घराण्याबद्दल सांगतात तसं सांगत. ज्यांना चौकोन एकात एक नीट बसवता येत नाहीत ते रेघा तोडत बसतात, असं त्यांचं मत होतं.

मागच्या वर्षी कंपनीने नवं मशीन काढायचं ठरवलं. पुढून गोल काचेचं दार असलेलं. त्याचं डोकं भाऊजींकडे आलं, आणि त्याबरोबर असंही कानावर आलं की हा नकाशा मंजूर झाला की विभागप्रमुखाची रिकामी खुर्ची त्यांचीच. भाऊजींनी असा नकाशा काढला की अख्खं मशीन एका पानावर मावलं. दाराच्या कुलपाचं काम तर त्यांनी दोन ओळींत उरकलं होतं. 'चालू'मध्ये शिरताना कुलूप लावायचं, 'चालू'मधून बाहेर पडताना काढायचं. मोठ्या साहेबांनी तो कागद खिडकीशी धरून पाहिला आणि ह्याला म्हणतात सौंदर्य, असे उद्गार काढले. भाऊजींनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा दोन्ही पायांतले बूट काढायचे विसरले होते.

त्या ऑफिसात चाचणीवाल्या एक बाई आहेत. यंत्राला सासुरवास करणं हे त्यांचं काम. त्यांनी नकाशा पाहून एकच गोष्ट विचारली. मशीन गरम पाण्याने भरलेलं असताना कोणी 'थांबा' दाबलं तर? भाऊजी म्हणाले, 'थांबा' दाबलं की 'चालू'मधून बाहेर, आणि बाहेर पडताना कुलूप उघडायचं, हे उंबऱ्यावर लिहिलेलं आहे. बाईंनी विचारलं, आणि पाणी? भाऊजी म्हणाले, यंत्र थांबल्यावर पाण्याचा प्रश्न येतोच कुठे. त्यावर बाईंनी सुचवलं की कुलपाला प्रोग्रॅमच्या पोटात घालू नका, शेजारी ठेवा, मध्ये तुटक रेघ मारा. कुलपाने पाण्याकडे बघावं, बटणाकडे नाही. हे सगळं भाऊजींनी त्या संध्याकाळी आम्हाला सांगितलं, बाई कामाला चांगल्या आहेत पण त्यांना रेघा तोडायची हौस आहे, अशा सुरात. धाकटी तेव्हा फोनवर कोणाला तरी अक्कलदाढ काढायची वेळ देत होती. तिने ऐकलं नसावं असं आम्हाला वाटलं.

पुढे मंजुरीची सभा ठरली, सोमवारी. मंजुरी झाली की प्रोग्रॅम चिपमध्ये जाणार, चिप मशीनमध्ये, आणि मशीन लोकांच्या घरोघर. मग त्यात बदल नाही. त्याआधी घरगुती वापराची चाचणी म्हणून एक मशीन भाऊजींच्या घरी आलं आणि हॉल नि स्वयंपाकघराच्या मधल्या बोळात बसलं.

घरगुती वापर भाऊजींनी स्वतः केला. मशीनसमोर स्टूल मांडून ते बसत. कोणीही हात लावायचा नाही, असा हुकूम होता. कपडे धुतलेलेच घालत, कारण मळके कपडे हा त्यांच्या मते पुढचा प्रयोग होता. मशीन सुरू होई, भरे, घुसळे, सोडे, पिळे, थांबे. भाऊजी उठून दार उघडत आणि स्वच्छ कपडे स्वच्छ झालेले बघून समाधानाने मान हलवत. घरातले खरे कपडे धाकटी बाजूलाच बादलीत बुचकळत असे, कारण जुनं मशीन जागा करायला जिन्यात काढून ठेवलं होतं.

जुन्या मशीनबद्दल सांगायलाच हवं. ते वरून झाकणाचं होतं. त्या घरात एक रीत पडून गेली होती, मशीन सुरू झालं की कोणाला तरी राहिलेला कपडा आठवायचा. बहुतेक वेळा भाऊजींचा मोजा. मग सासूबाई जाऊन बटण दाबत, झाकण उचलत, मोजा आत सोडत आणि झाकण पाडत. हे इतक्या वेळा झालं होतं की राहिलेल्या कपड्याशिवाय धुणं पुरं होत नाही असं सासूबाईंच्या हातांना वाटत होतं. ही रीत भाऊजींच्या नकाशात कुठेच नव्हती. मोजा त्यांचाच असून.

सभेच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मोठे साहेब आणि त्यांच्या पत्नी चहाला आले. मशीन घरात कसं नांदतंय ते बघायला. मलाही बोलावणं होतं, म्हणजे कप आमच्याकडचे होते. भाऊजींनी मशीन आधीच लावून ठेवलं होतं, सगळ्यात गरम पाण्यावर, म्हणजे रुबाब दिसावा. काचेतून फेस फिरताना दिसत होता आणि साहेब त्याच्याकडे नातवाकडे बघावं तसे बघत होते. धाकटी स्वयंपाकघरात होती, गॅसवर दुसऱ्यांदा चहा, खांद्यावर कोणाची तरी दाढ.

साहेबांचा चहा हिंदकळला. बशीत, बशीतून त्यांच्या पांढऱ्या हातरुमालावर. साहेब राहू द्या, राहू द्या म्हणत असतानाच सासूबाई उठल्या.

"आणा इकडे. मशीन चालूच आहे," त्या म्हणाल्या.

पुढचं सगळं नकाशाप्रमाणे झालं. सासूबाईंनी 'थांबा' दाबलं. मशीन आज्ञाधारकपणे थांबलं. 'चालू'मधून बाहेर पडताना त्याने उंबऱ्यावरची पाटी वाचली आणि कट् आवाज करून कुलूप काढलं. तो आवाज आम्ही कोणी ऐकला नाही. धाकटीने स्वयंपाकघरातून ऐकला आणि ती धावली. सासूबाईंनी दार ओढलं आणि धाकटीने सासूबाईंना ओढलं, दोन्ही एकदमच. पाणी आलं ते धाकटीच्या पायावर.

बाकीचं पाणी वाफा काढत हॉलमध्ये साहेबांच्या खुर्चीपर्यंत गेलं. साहेबांनी दोन्ही पाय एकाच वेळी उचलले. भाऊजींनी आधी कप बशीत ठेवला, बशी टेबलावर ठेवली, मग उठले.

मी धाकटीला न्हाणीघरात नेऊन पाय नळाखाली धरला. पावलाच्या वरची कातडी लालभडक झाली होती. फोन अजून तिच्या खांद्यावर होता आणि ती पेशंटला सांगत होती की गुरुवारी सकाळी चालेल, पण रिकाम्या पोटी येऊ नका. मग तिने फोन माझ्या हातात दिला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. ते काय होतं ते मी सांगणार नाही, पण मला पटलं.

हॉलमध्ये साहेब भाऊजींना धीर देत होते. आजींचा काही दोष नाही, असं ते मोठ्या मनाने म्हणाले. घरातल्यांना यंत्राची माहिती नसते. सोबतच्या पुस्तिकेत एक ओळ घालू. मशीन चालू असताना 'थांबा' दाबू नये.

"मग कधी दाबायचं?" मी दारातून विचारलं. "बंद असताना?"

साहेबांच्या पत्नी हसल्या, मग साहेबांकडे बघून थांबल्या. साहेब म्हणाले, नकाशा सुंदर आहे, पुस्तिकेतल्या एका ओळीने भागत असताना तो बिघडवण्यात अर्थ नाही, उद्या सही करून टाकू. खुर्चीबद्दल ते बोलले नाहीत, पण जाताना त्यांनी भाऊजींच्या पाठीवर जो हात ठेवला तो विभागप्रमुखाच्या पाठीवर ठेवायचा हात होता. भाऊजी म्हणाले, "हो सर."

ते गेल्यावर सासूबाईंनी फडकं घेतलं आणि न बोलता हॉल पुसायला लागल्या. एवढ्या वर्षांत त्यांना काही न बोलता पुसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मी त्यांच्या हातातून फडकं घ्यायला गेले तर त्यांनी दिलं नाही.

धाकटी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती, पाय गार पाण्याच्या बादलीत. भाऊजी तिच्यासमोर येऊन उभे राहिले. पाय फार दुखतोय का, असं त्यांना विचारायचं असावं. पण त्यांच्या तोंडून निघालं ते निराळंच.

"यंत्र चुकलं नाही," ते म्हणाले. "ते थांबलं होतं. थांबलं की कुलूप उघडणार. सगळं ठरल्याप्रमाणेच झालं."

धाकटीने पाय बादलीतून वर काढला, पाहिला, पुन्हा पाण्यात ठेवला.

"बेल वाजली की तुम्ही मला हाक मारता," ती म्हणाली. "मी हातातलं टाकून दार उघडायला जाते. तेवढ्या वेळात गॅसवरचं दूध थांबतं का?"

"दुधाचा इथे काय संबंध?"

"तुमच्या कागदावर मी थांबले की दूधही थांबतं. इतकी वर्षं तुम्हाला तसंच वाटत आलंय. ते उतू गेलेलं तुम्ही कधी बघितलं नाहीत, कारण मी जाऊ देत नाही. आज मशीन थांबलं होतं हो. पाणी कुठे थांबलं होतं? ते तापलेलं होतं तसंच होतं."

मी मलम आणायला आमच्या घरी गेले. परत आले तर भाऊजी टेबलाशी कागद-पेन्सिल घेऊन बसले होते.

एखाद्याला वाटेल की त्यांनी लगेच रेघ मारली असेल. छे. माणूस एक तुटक रेघ टाळण्यासाठी काय काय करू शकतो ते मी त्या संध्याकाळी पाहिलं. आधी त्यांनी 'थांबलेलं'चे दोन चौकोन केले, पाण्यासह आणि पाण्याविना. मग पाण्यासहचे दोन, गरम आणि गार. मग लक्षात आलं की पिळताना थांबवलं तर पाणी नसलं तरी आतलं पिंप फिरत असतं, म्हणून आणखी चौकोन. मग त्यातल्या प्रत्येकातून परत कुठे जायचं त्याचे बाण. कागद संपला, दुसरा जोडला. ते सौंदर्य पसरत पसरत मिठाच्या बरणीपर्यंत गेलं. कुलपाची गोष्ट जिथे तिथे परत लिहावी लागत होती आणि दर वेळी एखाद्या चौकोनात राहून जात होती.

तेवढ्या वेळात धाकटीने बसल्या जागेवरून मुलीचं पाठांतर घेतलं, दोन पेशंटच्या वेळा बदलल्या आणि मला हाताने खूण करून गॅस बारीक करायला सांगितला. भाऊजींनी मान वर केली. ते तिच्याकडे बघत राहिले, चांगला वेळ. तिला वाटलं त्यांना चहा हवाय. ती म्हणाली, उठता येत नाही, स्वतःच घ्या.

त्यांनी चहा घेतला नाही. एक कोरा कागद घेतला, त्यावर एक मोठा चौकोन काढला, आणि मुलीच्या दप्तरातली पट्टी मागितली. मग पट्टी धरून मधोमध रेघ मारली, तुटक. एकेक तुकडा सारख्या मापाचा. डावीकडे धुण्याचे चौकोन, उजवीकडे कुलपाचे. कुलपाचे फक्त दोनच होते, लावलेलं आणि काढलेलं. 'काढलेलं'कडे जाणाऱ्या बाणावर त्यांनी लिहिलं, पाणी उतरलं असेल आणि पिंप थांबलं असेल तरच. बटणाचं नाव त्या बाजूला कुठेच नव्हतं. सगळं पुन्हा एका पानावर मावलं. पण त्यांना त्याचा आनंद झालेला दिसला नाही. कागद दुमडून खिशात ठेवताना त्यांचा चेहरा दात उपटून घ्यायला निघालेल्या माणसासारखा होता.

सभेत काय झालं ते चाचणीवाल्या बाईंकडून कळलं. त्या धाकटीचा पाय बघायला म्हणून आल्या होत्या. भाऊजी उभे राहिले आणि म्हणाले की माझा नकाशा चुकीचा आहे, त्यावर सही करू नका. साहेबांना वाटलं ऐकण्यात काही गडबड झाली. त्यांनी पुस्तिकेतल्या ओळीची आठवण करून दिली. तेव्हा भाऊजी म्हणाले, "ज्या बटणावर 'थांबा' लिहिलंय ते दाबणं ही चूक होऊ शकत नाही. माझ्या बायकोचा पाय भाजलाय." ही दोन वाक्यं ते एकापाठोपाठ, मध्ये श्वास न घेता बोलले, असं बाईंनी मुद्दाम सांगितलं. मग खिशातला कागद काढून बाईंकडे दिला. बाईंनी तो बघितला आणि एवढंच म्हणाल्या की रेघ फार सरळ आलीय, साहेब.

सही झाली नाही. मशीन बाजारात यायचं लांबलं. मोठ्या साहेबांनी भाऊजींच्या प्रामाणिकपणाचं सभेत कौतुक केलं, आणि कौतुक ज्याचं करतात त्याला जे मिळतं तेच भाऊजींना मिळालं. खुर्चीचा निर्णय तूर्त थांबवला आहे, असं कळवण्यात आलं.

"थांबलाय खरा," बाई चहा पिताना म्हणाल्या, "पण कुलूप काही उघडायचं नाही."

भाऊजी हसले. आपल्यावर झालेला विनोद त्यांना त्याच दिवशी कळला, हीसुद्धा नवीन गोष्ट होती.

धाकटीचा पाय बरा झाला. पावलावर एक फिकट डाग राहिला आहे, समुद्रातल्या बेटासारखा. मशीन नवं डोकं घालून घरी परत आलं, आणि जुनं अखेर जिन्यातून गेलं. ह्या वेळी घरगुती वापर घरातल्यांनी केला. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी 'थांबा' दाबलं, दार ओढलं, आणि ते उघडेना. आतलं पाणी घरघर करत उतरत होतं. त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे काय बनवलंस?" त्यांनी मुलाला विचारलं. "आधीचं बरं होतं. सांगितल्याबरोबर उघडायचं तरी."

त्यांचा इतिहासाचा गोल पुन्हा नीट चालू झालेला पाहून आम्हाला सगळ्यांना हायसं वाटलं.

परवा मी साखर मागायला गेले तेव्हा भाऊजी मशीनसमोर उभे होते. हातात एक मोजा. बटण दाबून झालं होतं, आत पाणी उतरत होतं, आणि ते दार उघडायची वाट बघत होते. दुसरं काही करत नव्हते, फक्त वाट बघत होते, मोजा समोर धरून, मन लावून.

"भाऊजी, ते आपणहून उघडेल," मी म्हटलं.

"माहीत आहे, वहिनी. मीच बनवलंय."

आतून धाकटीचा आवाज आला. ती कोणाला तरी शुक्रवारी चार वाजता या म्हणत होती, मध्येच मुलीला एक अक्षर सुधारून दिलं, आणि त्याच दमात म्हणाली, "तोवर दुधाकडे बघा."

भाऊजींनी हातातल्या मोज्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. मग मोजा घेऊनच स्वयंपाकघरात गेले आणि दुधासमोर उभे राहिले. थोड्या वेळाने मशीनचं कुलूप कट् करून उघडलं. त्यांनी ऐकलं, मानही वळवली, आणि तेवढ्यात दूध उतू गेलं.

पण गॅस त्यांनी बंद केला. दुसऱ्या हाताने. मोजा न सोडता.